राउटर काहीच देत नसताना लॅपटॉपला १६९.२५४ चा पत्ता कोण देतं?

तुम्ही लिहिलंय की वायफाय 'कनेक्टेड' दिसतं, इंटरनेट मात्र चालत नाही, आणि तरीही लॅपटॉपला १६९.२५४.७७.१२ असा आयपी पत्ता आलाय. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर तर उत्तरच देत नाही, मग हा पत्ता दिला कुणी?

कुणीच नाही. लॅपटॉपनं तो स्वतः घेतला.

रिझर्व्हेशन नसलेल्या एसटीत आपण काय करतो? रिकामी सीट दिसली की आजूबाजूला विचारतो, "इथं कुणी आहे का?" कुणी बोललं नाही की रुमाल टाकतो. लॅपटॉपही नेमकं हेच करतो. आधी तो कंडक्टरची, म्हणजे डीएचसीपीची, वाट बघतो. कंडक्टर आलाच नाही तर १६९.२५४.१.० ते १६९.२५४.२५४.२५५ या ६५,०२४ पत्त्यांतला एक उचलतो आणि नेटवर्कवर एआरपीनं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारून, विचारतो, "हा कुणाचा आहे का?" एकदा नाही, तीनदा, दर वेळी एक-दोन सेकंदांचं अंतर ठेवून. उत्तर आलं नाही तर दोनदा जाहीर करतो की आता हा माझा. सगळं मिळून पाच-दहा सेकंदांचा कारभार. विचारताना तो स्वतःचा पत्ता ०.०.०.० असा कोरा ठेवतो, हे मला फार आवडतं. सीट आपली ठरण्याआधीच आपलं नाव तिथं लिहिलं, तर इतरांच्या नोंदी उगाच बिघडतील ना!

पत्ता 'कसाही' उचलतो म्हटलं तरी ती निवड सहसा त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून, ठरते. म्हणून रोज अप-डाउन करणाऱ्या माणसासारखा तो पुन्हा पुन्हा आपल्याच ठरलेल्या सीटकडे जातो. दोघांनी एकाच सीटवर रुमाल टाकला तर? एकदा "माझी आहे" म्हणून बजावायची मुभा असते. दहा सेकंदांच्या आत पुन्हा तोच वाद झाला की गुपचूप उठायचं आणि दुसरी सीट बघायची. हे सगळे नियम २००५ च्या आरएफसी ३९२७ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात आहेत, पण ही सोय विंडोज ९८ पासूनच होती. मायक्रोसॉफ्टवाले तिला 'एपिपा' म्हणतात. त्याच आरएफसीतला हिशोब सांगतो की नेटवर्कवर आधीच १,३०० यंत्रं बसलेली असली, तरी नव्या यंत्राला पहिल्याच फटक्यात रिकामा पत्ता सापडण्याची शक्यता ९८ टक्के असते.

मग इंटरनेट का नाही? कारण हा पत्ता त्या गाडीपुरताच. सीट नंबरवर पोस्टमन पत्र आणून देत नाही. १६९.२५४ चं पाकीट राउटरनं पुढे पाठवायचंच नाही, असा नियम आहे. पण त्याच गाडीतल्या दुसऱ्या प्रवाशाशी मजेत बोलता येतं. हॉस्टेलवर असताना आम्ही दोन लॅपटॉप अ‍ॅड-हॉक वायफायनं जोडून रात्र रात्र गेम खेळायचो. राउटर नाही, काही नाही. मिनिटभर थांबलं की दोघांना १६९.२५४ मिळायचे आणि काम सुरू.

आता वायरलेसची खरी गोम. ही सगळी पद्धत "मी विचारलं ते सगळ्यांना ऐकू गेलं" या विश्वासावर उभी आहे. केबलवर ते बहुतेक खरं असतं, हवेत नसतं. अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा, जेव्हा सगळ्यांसाठी म्हणून संदेश सोडतो, तेव्हा तो मिळाल्याची पोच कुणी देत नाही. हरवला तर हरवला. त्यातून कॅफे-हॉटेलांत एका ग्राहकाचं दुसऱ्याला काही दिसू नये म्हणून आयसोलेशन लावलेलं असतं. तिथं तुम्ही कितीही ओरडा, शेजारच्याला ऐकूच जात नाही. शांतता म्हणजे सीट रिकामी, असं लॅपटॉप समजतो. म्हणूनच पत्ता घेतल्यावरही कान उघडे ठेवायला सांगितलंय.

मेशमध्ये, म्हणजे यंत्रं एकमेकांमार्फत संदेश पुढे पोचवतात त्या जाळ्यात, तर आणखी पंचाईत. अ ला ब ऐकू येतो, ब ला क ऐकू येतो, पण अ आणि क एकमेकांच्या टप्प्यात नाहीत. दोघांनी तोच पत्ता घेतला, तर मधल्या ब ची अवस्था एकाच नावाच्या दोन पोरांना हाक मारणाऱ्या मास्तरांसारखी. बॅटमॅन-अ‍ॅडव्हान्स्डसारखी मेशची सॉफ्टवेअर व्यवस्था यावर उपाय काढते: सगळी मेश वरून एकच मोठी वायर असल्यासारखी दाखवते, म्हणजे हाक शेवटपर्यंत पोचते.

आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या, लांबलचक पद्धतीत, हा आपद्धर्म राहिलेला नाही, नित्यनेम झालाय. प्रत्येक यंत्र एफई८० नं सुरू होणारा पत्ता स्वतःच बनवतं, सर्व्हर असो वा नसो. तिथं जागा इतकी अफाट आहे की सहसा एकदाच विचारून काम भागतं. राउटर असलाच तर तो फक्त पत्त्याचा पुढचा भाग पुकारतो, मागचा भाग यंत्र स्वतः जोडतं. आयफोनचं एअरड्रॉप याच एफई८० च्या पत्त्यांवर चालतं. फोनच्या हॉटस्पॉटला मात्र लोक चुकून 'बिनसर्व्हरचं' समजतात. त्यात फोनच छोटा डीएचसीपी सर्व्हर होऊन बसलेला असतो.

तुमच्या बाबतीत १६९.२५४ दिसणं हा आजार नाही, ताप आहे, म्हणजे नुसतं लक्षण. मी एका अभ्यासिकेत असाच चक्रावलो होतो. दुपारपर्यंत सगळं ठीक, मग नवीन येणाऱ्या लॅपटॉपना १६९.२५४, अँड्रॉइड फोन तर 'आयपी पत्ता मिळवत आहे' म्हणत बसायचे आणि सोडून द्यायचे, कारण ते सहसा स्वतःचा असा पत्ता घेतच नाहीत. राउटर बदलायचं ठरतच आलं होतं. शेवटी आत जाऊन बघितलं तर वाटायला पत्ते ५० आणि प्रत्येक पत्ता २४ तास अडकवलेला. सकाळी तासभर बसून गेलेल्या पोरांचे रुमाल रात्रीपर्यंत सीटवर पडलेले! मुदत दोन तास केली, पत्ते २०० केले, संपलं.

तेव्हा आधी घरातल्या दुसऱ्या यंत्राला पत्ता मिळतो का ते बघा. मिळत असेल तर दोष बहुधा तुमच्या लॅपटॉपमध्ये. वायफाय 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाका. कुणालाच मिळत नसेल तर राउटरमध्ये डीएचसीपी चालू आहे का आणि किती पत्ते उरलेत ते तपासा. १६९.२५४ चा पत्ता हातानं टाइप करून कायमचा ठेवायच्या भानगडीत मात्र पडू नका, त्यानं इंटरनेट यायचं नाही.