डॅशकॅम आणि मागचा रिव्हर्स कॅमेरा एकाच दिवशी लावले. तेव्हापासून एफएम खरखरतो आणि मागच्या कॅमेऱ्यात रेघा येतात. कॅमेरे बदलावेत का?

बदलू नका. दुकानदार "पीस खराब असेल, बदलून देतो" म्हणाला तरी आधी वायरिंग बघा. तुमचे दोन्ही त्रास वेगवेगळे आहेत. दोन्ही कॅमेरे एकाच दिवशी बसवले म्हणून ते एक वाटतायत.

एफएमची खरखर बहुतेक वेळा डॅशकॅमच्या चार्जरची असते. 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करताना आतलं सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं. स्वस्त चार्जरमध्ये हा गोंगाट अडवणारी कॉइल आणि कंडेन्सर गाळलेले असतात. मग तो वायरीत शिरतो, वायरच अँटेना होते आणि 88 ते 108 मेगाहर्ट्झमध्ये खरखर ऐकू येते. त्यात बसवणारा ती वायर पुढच्या पिलरमध्ये (काचेच्या कडेच्या खांबात) कोंबतो, आणि बऱ्याच गाड्यांत छतावरच्या अँटेनाची केबलही तिथूनच उतरते. डॅशकॅम पॉवर बँकेवर चालवून बघा. खरखर गेली तर चांगला चार्जर घ्या, वायर दुसऱ्या बाजूच्या पिलरने न्या आणि चार्जरजवळ क्लिपचा फेराइट (वायरीतला गोंगाट अडवणारा काळा चुंबकी तुकडा) लावा. वायर त्यातून दोनदा फिरवली तर परिणाम जवळपास चौपट होतो.

रेघांबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण यावरून माझं आणि माझ्या उस्तादांचं आजही वाजतं. ऑटो इलेक्ट्रिकचं काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पण गाडीत कसलाही आवाज, कसलीही रेघ आली की त्यांचं उत्तर ठरलेलं: "कंडेन्सर मार." पद्मिनी-अँबॅसडरच्या काळात ते बरोबर होतं. पॉइंट-कॉइलचं इग्निशन होतं, प्रत्येक ठिणगीला मीडियम वेव्हवर टकटक व्हायची. कॉइलला कंडेन्सर आणि प्लगला रेझिस्टरच्या टोप्या लावल्या की आकाशवाणी स्वच्छ लागायची.

एका पावसाळ्यात एका डॉक्टरांची सात सीटर गाडी आमच्याकडे आली. रिव्हर्स टाकला की स्क्रीनवर जाड आडव्या रेघा. आधीच्या दुकानाने कॅमेरा बदलून दिला होता, फरक शून्य. उस्ताद म्हणाले, अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) आवाज आहे. अल्टरनेटरला एक कंडेन्सर, कॅमेऱ्याच्या सप्लायला एक. रेघा थोड्या बारीक झाल्या, गेल्या नाहीत. तेवढ्यात डॉक्टरांचा ड्रायव्हर सहज बोलून गेला, "कोरड्या दिवशी काहीच होत नाही हो."

मी इंजिन बंद केलं, चावी ऑन ठेवून रिव्हर्स टाकला आणि मागचा वायपर चालू केला. रेघा हजर. इंजिनच बंद, मग अल्टरनेटरचा संबंध काय? त्या गाडीत पुढचा वायपर चालू असताना रिव्हर्स टाकला की मागचा आपोआप फिरतो, म्हणून हे दुखणं पावसातच दिसायचं. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल डिकीच्या दाराच्या उघड्या पत्र्याला लावली. वायपर फिरताना तिथे 0.1 व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, दिसत होतं एकाच्या वर. बिजागरीजवळच्या रबरी नळीत दाराची काळी अर्थ वायर, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वायर, तुटलेली निघाली. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, ती तिथेच तुटते. मग वायपर मोटरचा करंट परत जायला रस्ता शोधतो आणि त्याला कॅमेऱ्याच्या व्हिडिओ केबलची बाहेरची तारेची जाळी सापडते, कारण तीही अर्थलाच जोडलेली असते. व्हिडिओ सिग्नल सगळा मिळून एक व्होल्टचा, त्यात मोटरच्या ब्रशचा कचरा मिसळला की चित्र फाटणारच.

रंग खरवडून नवी अर्थ वायर टाकली, चित्र काचेसारखं. वायपरही जोरात फिरायला लागला. मग मी उस्तादांसमोर दोन्ही कंडेन्सर काढून दाखवले, तरी चित्र तसंच. ते अजून म्हणतात, कंडेन्सरनेच निम्मं काम केलं होतं. नाही केलं.

तुमच्याकडे इंजिन बंद केल्यावर रेघा जात असतील तर मात्र बहुधा अल्टरनेटरची भानगड आहे, पण तीही बऱ्याचदा अर्थमधूनच शिरते. कॅमेऱ्याची निगेटिव्ह मागे बॉडीला ठोकली असेल तर सोडवा आणि स्क्रीनच्या अर्थपर्यंत वेगळी वायर आणा. कॅमेऱ्याचा धातूचा ब्रॅकेट पत्र्याला टेकत असेल तर मध्ये रबरी वॉशर घाला, नाहीतर केलेलं वाया जातं.

रेघांचं हे सगळं आरसीए पिनवाल्या (टीव्हीला लावायच्या गोल व्हिडिओ पिनसारख्या) ॲनालॉग कॅमेऱ्यांबद्दल. एफएमची चाचणी करताना काही पॉवर बँकाही खरखर करतात, तेव्हा पॉवर बँक रेडिओपासून लांब ठेवून बघा. काही नव्या गाड्यांत रिव्हर्स लाइटला सलग नाही, तुटक-तुटक सप्लाय येतो. कॅमेरा त्यावर जोडला असेल तर फिल्टर लागतो, आणि त्या फिल्टरमध्ये कंडेन्सर असतो. एवढ्यापुरतं उस्तादांचं बरोबर. आणि पिलरमध्ये एअरबॅग असेल तर डॅशकॅमची वायर तिच्या मागून न्या, पुढून अजिबात नको.