वाचकांचे प्रश्न : पुराच्या बोटीची बॅटरी दहा महिने कशी सांभाळावी?

प्रश्न : २०१९ च्या महापुरानंतर आमच्या गावच्या तरुण मंडळाने वर्गणी काढून फायबरची एक छोटी बोट घेतली. तिची २५ अश्वशक्तीची आऊटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन) बटणावर सुरू होते. बोट पावसाळ्यातले जेमतेम दोन महिने पाण्यात असते. एरवी ती शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवतो. चार वर्षांत दोन बॅटऱ्या निकामी झाल्या. यंदा पाणी वेशीपर्यंत आले असताना बटण दाबले, तर नुसता 'टक' असा आवाज आला. बॅटरी बोटीतच ठेवावी की काढून घ्यावी? फरशीवर ठेवल्याने ती उतरते, हे खरे आहे काय? आणि त्याऐवजी घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी लावली तर चालेल काय?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : आपले पत्र वाचून काळजी वाटली, कारण ज्या घटकेसाठी गावाने ही बोट घेतली, नेमक्या त्या घटकेला ती अडली. आपल्या बॅटऱ्या वापराने संपलेल्या नाहीत. त्या पडून राहिल्याने गेल्या आहेत.

शिसे आणि ॲसिड यांवर चालणारी बॅटरी काहीही न जोडता ठेवली, तरी आतल्या आत उतरत असते. साधारण २५ अंश तापमानात चांगल्या बॅटरीचा महिन्याला तीन ते पाच टक्के चार्ज असा जातो आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की हा वेग जवळजवळ दुप्पट होतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये किती तापते, हे आपणास वेगळे सांगायला नको. चार्ज उतरू लागला की प्लेटांवर लेड सल्फेट साचते. ते ताजे असेपर्यंत चार्जिंगने निघून जाते; पण आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि प्लेटांचा तेवढा भाग कायमचा निरुपयोगी होतो. म्हणून दहा महिन्यांनी आपण ती चार्जिंगला लावता तेव्हा चार्जर चालू दिसतो, बॅटरी 'फुल' दाखवते, आणि तरीही मोटर फिरवण्याची ताकद तिच्यात उरलेली नसते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, बोट पाण्याबाहेर काढली त्याच दिवशी बॅटरी सोडवून घ्यावी. बोटीतले बटण बंद केले तरी पाणी उपसणाऱ्या पंपाची स्वयंचलित कळ बहुधा थेट बॅटरीला जोडलेली असते आणि अशा जोडण्या गुपचूप चार्ज खात राहतात. सोडवताना आधी ऋण टर्मिनल आणि मग धन टर्मिनल काढावे. पुन्हा जोडताना धन आधी, ऋण शेवटी. बोट फायबरची असली तरी मोटर धातूची असते व ती ऋण बाजूला जोडलेली असते, त्यामुळे हा क्रम चुकून पाना मोटरला टेकला तर मोठी ठिणगी उडते. मोटर चालू असताना मात्र बॅटरीची वायर कधीही काढू नये. त्याने मोटरचा चार्जिंगचा भाग जळू शकतो.

काढलेली बॅटरी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. तिच्या माथ्यावर साचलेली धूळ आणि ॲसिडची ओल मिळून दोन टर्मिनलांमध्ये वीज वाहण्याची बारीक वाट तयार होते. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला असल्यास तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने काढावा, परंतु सेलची बुचे घट्ट लावूनच, कारण हे पाणी आत गेले तर ॲसिड बिघडते. नंतर व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा.

फरशीची भीती जुन्या काळातली आहे. पूर्वी बॅटरीची पेटी लाकडाची किंवा कडक रबराची असे व तिच्यातून वीज पाझरत असे. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला फरशीने काही होत नाही. फळीवर ठेवल्यास ती कोरडी आणि स्वच्छ राहते, एवढाच फायदा. त्यापेक्षा जागा थंड आणि हवेशीर आहे का, हे पाहणे महत्त्वाचे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांपर्यंत गेले तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. देवघरात, जिथे समई तेवत असते, किंवा बंद कपाटात बॅटरी चार्जिंगला लावू नये.

ठेवण्यापूर्वी ती पूर्ण चार्ज करावी. बॅटरी ६० अँपिअर-अवरची असेल तर सहा अँपिअरपर्यंतचा, भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर घ्यावा. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर घालावे. आधी घालायचे ते फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच, आणि त्या बुडतील एवढेच. नळाचे किंवा बोअरचे पाणी कधीही घालू नये. पुढे महिन्यातून एकदा मल्टीमीटरने पाहावे. नृसिंहवाडीच्या परिसरात पौर्णिमा कोणी विसरत नाही, तोच दिवस ठरवून घ्यावा. चार्जर काढून रात्र उलटल्यावर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ दिसले की पुन्हा चार्जिंगला लावावी. १२ च्या खाली गेली, तर ती बहुतांश रिकामी झाली असे समजावे. मंडळातील एकाच सभासदाकडे हे काम नावानिशी सोपवावे, असे मी आग्रहाने सुचवतो. सर्वांचे काम म्हणून ठेवले की ते राहून जाते, आणि बॅटरीला दोन महिन्यांची हयगय पुरेशी होते.

मे महिन्याच्या अखेरीस मात्र केवळ व्होल्टवर विसंबू नये, कारण खराब बॅटरीही विश्रांतीत १२.६ दाखवू शकते. मोटरचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून ती प्रत्यक्ष सुरू करून पाहावी. कोरडी चालवल्यास मोटर थंड ठेवणारा पाण्याचा पंप खराब होतो. स्टार्टर फिरत असताना व्होल्ट साडेनऊच्या खाली कोसळत असतील, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एखाद्या बॅटरीवाल्याकडून लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) करून घ्यावी आणि वेळीच नवी आणावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते, किंवा राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते, तोपर्यंत थांबू नये. गावात पाणी शिरू लागले की सुरक्षेसाठी वीज बंद करावी लागते, मग चार्जर लावणार कशाला? आपल्या मोटरला दोरीने सुरू करण्याची सोय असेल, तर तिचाही सराव त्याच दिवशी दोघा-तिघांनी करावा.

इन्व्हर्टरची बॅटरी लावू नये. तिच्या प्लेटा जाड असतात व ती थोडी वीज तासन्‌तास देण्यासाठी बनवलेली असते. स्टार्टरला काही सेकंदच, पण फार मोठा प्रवाह लागतो. शिवाय ती उंच आणि अतिशय जड असते. माणसांनी भरलेल्या छोट्या बोटीत असे वजन एका बाजूला सरकले, तर काय होईल याची कल्पना करवत नाही. जी बॅटरी लावाल ती झाकणाच्या पेटीत ठेवून पट्ट्याने आवळावी आणि टर्मिनलला हाताने फिरवायच्या चाकीऐवजी स्प्रिंग वॉशरसह साधा नट लावावा, कारण मोटरच्या हादऱ्याने चाकी सैल होते.

निकामी झालेल्या दोन बॅटऱ्या विक्रेत्याकडे परत द्याव्यात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यांतील ॲसिड ओढ्यात किंवा नदीत ओतू नये.

प्रश्न : रात्री जाळे टाकताना लागणाऱ्या दिव्यांसाठी मी होडीत लिथियम आयर्न फॉस्फेटची छोटी बॅटरी वापरतो. पावसाळ्यात होडी बंद असते, तेव्हा तीही पूर्ण चार्ज करून ठेवावी काय?
– एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : नाही, येथे नियम उलटा आहे. ही बॅटरी निम्मी भरलेल्या अवस्थेत सर्वांत चांगली टिकते, त्यामुळे ५० टक्क्यांच्या आसपास आणून, दिवे सोडवून, कोरड्या जागी ठेवावी. ती फार सावकाश उतरते. तीन महिन्यांतून एकदा पाहिली तरी चालते. चार्जर मात्र तिच्यासाठीच बनवलेला वापरावा. बॅटरी फुगली असेल किंवा पाण्यात बुडाली असेल, तर ती वाळवून पुन्हा चार्जिंगला लावू नये. घरापासून दूर उघड्यावर ठेवावी आणि विक्रेत्याच्या स्वाधीन करावी.