अंगठीनं बोट सोललं, आणि सराफ म्हणतो ‘दोष तुमच्या त्वचेचा’

प्रश्न : भावानं मला पांढऱ्या सोन्याची अंगठी भेट दिली. नकली दागिन्यांनी मला पूर्वीपासून खाज येते. म्हणून घेण्याआधी मी सराफाला व्हॉट्सअ‍ॅपवर तसं सांगून विचारलं होतं. ‘यात निकेल नसतं, निर्धास्त घाला,’ असं त्याचं उत्तर आलं. अंगठी ढिली होती, ती त्यानंच लहान करून दिली. तीन आठवड्यांत बोटाला खाज सुटली, पुरळ आलं, मग कातडी सोलून पाणी यायला लागलं. खरेदीच्या चोविसाव्या दिवशी मी फोटो पाठवून तक्रार केली. तो म्हणतो, ‘सोनं हॉलमार्कचं आहे, दोष तुमच्या त्वचेचा. साइज बदललेली अंगठी परत घेत नाही, आणि बिलही तुमच्या नावावर नाही.’ नंतर कुणीतरी सुचवलं म्हणून अंगठीला आतून पारदर्शक नेलपॉलिश लावून पाहिलं, तरी त्रास थांबला नाही. आता सात महिने झाले. पैसे परत मिळतील का? आणि सराफाच्या नावासकट हा प्रकार लोकांना सांगितला तर चालेल का?

उत्तर : अंगठी काढून ठेवली नसेल तर हे वाचण्याआधी काढा. ‘परत एकदा घालून बघू’ असा प्रयोग स्वतःवर करू नका. न्यायालयाला त्याची गरज नाही आणि तुमच्या बोटाला तर नाहीच नाही.

तुमच्या पत्रात तुम्ही ओझरती लिहिलेली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, ती म्हणजे तुम्ही आधी विचारलंत. कायदा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी या विषयावरचे दोन जुने खटले वाचतो. पहिला ऑस्ट्रेलियातला, ग्रँट नावाच्या डॉक्टरांचा. लोकरी अंतर्वस्त्रांत धुण्यानंतर उरलेल्या सल्फाइटमुळे त्यांच्या अंगावर भयंकर त्वचादाह उठला. ‘यांची त्वचाच वेगळी’ असा बचाव तेव्हाही झाला होता. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, १९३५ साली तो मानला नाही आणि निकाल डॉक्टरांच्या बाजूनं दिला. दुसरा १९३९ चा, इंग्लंडमधला. ग्रिफिथ्स नावाच्या बाईंना लोकरी कोटानं त्वचेचा विकार झाला, पण त्या हरल्या. त्यांची त्वचा नेहमीपेक्षा फार नाजूक होती, सामान्य माणसाला त्या कोटाचा काही त्रास झाला नसता, आणि त्यांनी दुकानदाराला ही गोष्ट सांगितलेली नव्हती. आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ याच तत्त्वावर उभं आहे. ग्राहकानं आपली विशेष गरज सांगितली आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली, तर ती त्या गरजेला योग्य असलीच पाहिजे. ग्रिफिथ्सबाईंनी जे सांगितलं नाही ते तुम्ही सांगितलंत, तेही लेखी. ‘दोष तुमच्या त्वचेचा’ हे वाक्य तुमच्या बाबतीत म्हणूनच लंगडं पडतं. त्वचा कशी आहे ते त्याला माहीत होतं, आणि ते माहीत असताना त्यानं ‘निर्धास्त घाला’ म्हटलं.

आता हॉलमार्कबद्दल. अंगठीवर ७५० असा आकडा असेल तर हजार भागांत ७५० भाग शुद्ध सोनं आहे, एवढंच तो सांगतो. उरलेले २५० भाग कशाचे, याबद्दल हॉलमार्क गप्प असतो. पिवळं सोनं पांढरं दिसावं म्हणून त्यात निकेल किंवा पॅलॅडियम मिसळतात आणि वरून ऱ्होडियमचा पातळ मुलामा देतात. मुलामा झिजला की आतला धातू घामाला आणि कातडीला भिडतो. त्यामुळे हॉलमार्क खरा आणि अंगठीत भरपूर निकेल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सोन्याची शुद्धता कमी निघाली असती तर भारतीय मानक ब्युरोच्या नियमांखाली वेगळी भरपाई मागता आली असती. पण तुमची तक्रार ती नाही, त्या वाटेला जाऊ नका.

तुमची तक्रार बसते ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये. त्याच्या कलम २(१०) मधली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम वाचा. कायद्यानं ठरवलेल्या दर्जापेक्षा वस्तू कमी असेल तर तो दोष, हे खरंच. पण विक्रेत्यानं कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याच्या तुलनेत ती कमी निघाली तरीही तो दोषच. म्हणजे दागिन्यात निकेल किती चालतं, असा नियम शोधत बसायची गरज नाही. (युरोपात तसा नियम आहे. कातडीला सतत लागून राहणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. तो इथे लागू नाही, पण धोका जगाला किती माहीत आहे हे दाखवायला उपयोगी पडतो.) त्यानं ‘निकेल नसतं’ म्हटलं. निकेल निघालं, तर दोष सिद्ध.

बिल भावाच्या नावावर असल्यानं काही बिघडत नाही. खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कलम २(७) नुसार ग्राहकच असतो. भावाकडून दोन ओळींचं प्रतिज्ञापत्र घ्या, की अंगठी मी बहिणीला वापरायला दिली. साइजचा मुद्दा जरा नाजूक आहे. नुकसान होताना वस्तूत फेरफार झालेला असेल तर उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूनं केलेल्या नुकसानाच्या भरपाईचा, दावा विक्रेत्यावर चालत नाही, असं कलम ८७ म्हणतं आणि समोरचा वकील त्याचा आधार घेईल. पण फेरफार त्यानंच केला. अंगठी लहान करताना ती कापून, झाळून, घासून पुन्हा मुलामा द्यावा लागतो. झाळणीचा धातू आणि नवा मुलामा दोन्ही त्याच्या हातचे. विक्रेत्यानं स्वतः केलेला बदल हे नुकसानाचं मुख्य कारण असेल तर जबाबदारी त्याचीच, असं कलम ८६ सांगतं. वस्तू बनवणारा कोण हे कळत नसेल तेव्हा विक्रेताच जबाबदार धरला जातो, हेही त्याच कलमात आहे. म्हणून अंगठी कुणी घडवली, हे नोटिशीत त्याला लेखी विचारा.

इथपर्यंत तुमची बाजू चांगली आहे. खरी परीक्षा पुढे आहे. पुरळ अंगठीच्या धातूमुळेच उठलं, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल, आणि आज तुमच्या हातात त्याचा पुरावा नाही.

अंगठीखाली होणारा प्रत्येक त्रास अ‍ॅलर्जी नसतो. साबण, भांड्यांचं पावडर, घाम आणि ओल अंगठीखाली साचून राहते. सतत ओली राहिलेली कातडी पांढुरकी पडते, सोलते, जळजळते. त्वचारोगतज्ज्ञ याला चुरचुरीतून आलेला संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात. तो शुद्ध सोन्याच्या अंगठीखालीही होतो आणि त्याचा दोष कुणावरच टाकता येत नाही. निकेलची अ‍ॅलर्जी निराळी. तिच्यात शरीराची प्रतिकारशक्ती त्या धातूला ओळखून ठेवते. एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते, आणि पुढच्या वेळी धातू लागल्यावर दोन-तीन दिवसांनीही पुरळ उठू शकतं. डोळ्यांनी बघून हे दोन प्रकार वेगळे सांगणं डॉक्टरांनाही कठीण जातं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं मलमाचं नाव असेल, तर त्यावरून ग्राहक आयोग, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणारं मंडळ, काहीच ठरवू शकणार नाही.

म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर निकेल, कोबाल्ट, पॅलॅडियम अशा पदार्थांच्या छोट्या पट्ट्या ४८ तास चिकटवतात, आणि त्या काढल्यावर व पुन्हा एक-दोन दिवसांनी कातडी तपासतात. चालू औषधं, विशेषतः स्टेरॉइडची गोळी किंवा मलम, डॉक्टरांना आधी सांगा. नाहीतर निकाल खोटा येऊ शकतो. अहवालात तीन गोष्टी असू द्या : निदान, कोणत्या पदार्थाला प्रतिसाद आला, आणि पुरळाची जागा व काळ अंगठीच्या वापराशी जुळतो का.

मग अंगठीची तपासणी. इथे तुमच्या नेलपॉलिशनं थोडी अडचण केली आहे. तुम्ही ते तक्रारीनंतर लावलंत, म्हणजे नुकसान झालं तेव्हा अंगठी जशीच्या तशी होती. ही तारीख तुमच्या बाजूची आहे, ती लपवू नका. पण नेलपॉलिशमधल्या घटकांचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि समोरून तोच मुद्दा येईल. आता रिमूव्हर लावून ते काढायला जाऊ नका, घासू नका, दुसऱ्या सोनाराकडे उजळायला देऊ नका. अंगठी आहे त्या स्थितीत पाकिटात घाला, वजन आणि तिच्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक (हॉलमार्क केलेल्या प्रत्येक दागिन्याची स्वतंत्र ओळख) लिहा, आतून-बाहेरून फोटो काढा. निकेल लागलं की गुलाबी होणारी एक सोपी चाचणी मिळते. स्वतःच्या समाधानासाठी ती ठीक, पण या अंगठीवर तीही करू नका. तक्रारीतच विनंती करा, की कलम ३८ नुसार आयोगानं अंगठी मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी. त्याची फी आयोग तुम्हाला भरायला सांगू शकतो. क्ष-किरणांच्या यंत्रावर घटक कळतात, पण मुलाम्यामुळे वरवरचं वाचन फसवं असू शकतं, म्हणून झिजलेला आतला भाग आणि जोड तपासावा असं स्पष्ट लिहा.

पॅच टेस्टमध्ये निकेल आलं आणि अंगठीतही निकेल निघालं, तर बेधडक पुढे जा. टेस्टमध्ये काहीच आलं नाही, तर माझं प्रामाणिक मत असं की प्रकरण सोडून द्या. निकेलची अ‍ॅलर्जी आहे पण अंगठीत निकेलऐवजी पॅलॅडियम निघालं, तर मात्र अवघड आहे. निकेलला बिथरणारी त्वचा अनेकदा पॅलॅडियमलाही बिथरते, तरी सराफाचं ‘निकेल नसतं’ हे वाक्य खरं ठरतं. तेव्हा फक्त ‘निर्धास्त घाला’ या शब्दांवर उभं राहावं लागेल आणि तो पाया कच्चा आहे. अशा वेळी तडजोडीला तयार राहा. दोघांची लेखी संमती असेल तर आयोगही प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो.

समोरून आणखी एक बचाव येईल. सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्याची सूचना देण्याची जबाबदारी उत्पादकावर नाही, असं कलम ८७(३) म्हणतं. त्यांचा सूर असा असेल, की नकली दागिन्यांचा त्रास होता तर बाईंना धोका माहीतच होता. उत्तर सोपं आहे : माहीत होता म्हणूनच विचारलं. शिवाय तुमची तक्रार सूचना न देण्याची नाही, चुकीची हमी देण्याची आहे.

मुदतीची काळजी नको. कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात, तुमचे सात महिने झालेत. तुम्ही चोविसाव्या दिवशी तक्रार केलीत हेही बरं झालं. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद नुसत्या स्क्रीनशॉटवर सोडू नका. तो फोन बदलू नका, संवाद पुसू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत तितका काटेकोर नसतो, पण जोडलेलं बरं.

आधी रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन. भाषा साधी ठेवा : अमुक तारखेला मी विचारलं, तुम्ही हे उत्तर दिलं, त्यावर विसंबून खरेदी झाली, हा त्रास झाला, हा वैद्यकीय अहवाल, हे पैसे परत करा. शिवीगाळ नको, विशेषणं नकोत. उत्तर आलं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करा. सराफाच्या गावी जाण्याची सक्ती नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. नोटीस पोहोचल्यावर त्याला म्हणणं मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. तपासणी लागणाऱ्या प्रकरणांचा निकाल पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. अंगठीची किंमत, डॉक्टर-औषध-तपासणीचा खर्च, मनस्तापाची वाजवी भरपाई आणि दाव्याचा खर्च मागा. लाखोंचा आकडा टाकण्याचा मोह टाळा. माझ्या अनुभवात फुगवलेली मागणी चांगल्या तक्रारीवरचाही विश्वास कमी करते.

नावासकट लोकांना सांगण्याबद्दल : आज नको. निकेल आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. ‘फसवणारा सराफ’ असं लिहिलंत आणि उद्या अहवाल उलटा आला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार तुमच्यावर होऊ शकते. निकाल तुमच्या बाजूनं लागला की तो जसाच्या तसा सांगा, त्यात भर घालू नका.

नोटीस मिळाल्यावर सराफ कदाचित गोड बोलून म्हणेल, ‘अंगठी आणून द्या, बघून सांगतो.’ लेखी पोच, वजन आणि एचयूआयडी क्रमांक यांशिवाय ती हातची सोडू नका. शक्यतो देऊच नका, तपासणी आयोगामार्फत होऊ द्या. नोटिशीचा मसुदा आजच लिहून ठेवायला हरकत नाही, पण तारीख टाका ती पॅच टेस्टचा अहवाल हातात आल्यावर.