रस्त्यात गेलेली पट्टी आधी शोधा, बिल्डर नंतर

ठाण्यात वागळे सर्कलच्या बाजूची २४ फ्लॅटची सोसायटी, बिल्डिंग १९८५ ची, समोरून रिंग मेट्रो जाणार, पुनर्विकासासाठी तीन बिल्डरांचे प्रस्ताव हातात आणि तिघांच्या कागदावर भूखंडाचं क्षेत्र वेगळं, असं तुम्ही लिहिलंय. कोणाचं खरं धरायचं आणि मेट्रो होईपर्यंत थांबायचं का, हे तुमचे दोन प्रश्न. आमच्या सोसायटीचं घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ७९अ (पुनर्विकासाची सरकारी कार्यपद्धती), पीएमसीची म्हणजे प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, सभेचं चित्रीकरण वगैरेत जात नाही, त्यावर इथे ढीगभर लिहून झालंय.

उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. जमिनीच्या मूळ खरेदीखतात १२०० चौरस वार, म्हणजे साधारण १००३ चौरस मीटर. प्रॉपर्टी कार्डावरही १००३. तिसऱ्या बिल्डरने कुंपणाच्या आत फीत लावली तर ९२८. फरक ७५ चौरस मीटरचा. रस्त्याकडची बाजू २५ मीटर आहे म्हणता, म्हणजे बरोबर ३ मीटर रुंदीची पट्टी गायब. ही मोजणीतली चूक नाही, ती पट्टी रस्त्यात गेलीय. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टी. चंद्रशेखर महापालिका आयुक्त असताना ठाण्यातले रस्ते रुंद झाले, तेव्हा कित्येक सोसायट्यांनी कुंपणभिंत मागे घेतली. रस्ता झाला, शहराचं भलंही झालं, पण कागद तिथेच राहिले. खात्री करायची तर गेटबाहेर उभे राहून फुटपाथ बघा. पाण्याच्या मीटरची जुनी पेटी, ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण किंवा जुन्या गेटच्या खांबाचा तुटका पाया फुटपाथवर दिसला तर समजा, तुमची हद्द तिथपर्यंत होती.

आर्किटेक्ट नकाशा दाखल करताना मालकीचा कागद आणि प्रत्यक्ष मोजणी यांतलं कमी क्षेत्र धरतो. म्हणजे १००३ वर आकडेमोड करून जास्तीचं कार्पेट कबूल करणारे दोन बिल्डर उद्या सरकारी मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत आली की हात वर करणार. ९२८ वाला कंजूष नाही, तोच खरं बोलतोय. पण तोही पट्टीबद्दल गप्प आहे, कारण त्या पट्टीचा मोबदला नंतर शांतपणे प्रकल्पात घातला तर तो त्याच्या विक्रीच्या वाट्याला जातो.

मोबदला किती? रुंदीकरणात गेलेल्या जागेचे पैसे किंवा एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) कोणीच घेतला नसेल, तर विकास आराखड्यातल्या दाट वस्तीबाहेर साधारण पट्टीच्या दुप्पट बांधकामाचा हक्क धरतात. ७५ चे १५० चौरस मीटर, म्हणजे १६१५ चौरस फूट. २४ घरांत वाटले तर घरटी ६७ चौरस फूट, एक बऱ्यापैकी स्वयंपाकघर. जुन्या ताब्याला नेमका कोणता दर लागतो हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या, तोंडी नको. आणि मूळ मंजूर नकाशा बघितल्याशिवाय हुरळून जाऊ नका. काही बिल्डरांनी बांधतानाच ती पट्टी रुंदीकरणात दाखवून तिचा एफएसआय वरच्या मजल्यात वापरून टाकलेला असतो. तसं असेल तर विषय संपला.

आता जिथे सगळ्यात मोठं नुकसान होतं ते सांगतो. तुमचं अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नाही आणि मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने ते करून घेण्याचा, अर्ज तयार होतोय, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. तो अर्ज आत्ता थांबवा. वकील आणि आर्किटेक्ट सरळ जागेवरचं क्षेत्र टाकून मोकळे होतात, कारण त्यावर कोणी हरकत घेत नाही. आदेश ९२८ चा निघाला की ७५ मीटर मूळ जमीनमालकाच्याच नावावर राहतात. मग टीडीआर (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क) मागायला त्याचे वारस येतात, सोसायटी नाही. आदेश दुरुस्त करून घेणं म्हणजे भिजत घोंगडं. अर्जात आणि आर्किटेक्टच्या दाखल्यात क्षेत्र फोडून लिहायला लावा: एकूण १००३, पैकी रस्ता रुंदीकरणात ७५, ताब्यात ९२८, आणि रुंदीकरणातल्या क्षेत्राच्या मोबदल्याचा हक्क सोसायटीचा. ही शेवटची ओळ नसली की बाकी सगळं फुकट.

पुरावा म्हणून ताबा पावती, म्हणजे पट्टी रस्त्यासाठी ताब्यात घेतल्याची पावती, लागते. जी कचेरी ती देते (नाव घेत नाही, ठाणेकरांना कळेल), तिथे ठरलेलं उत्तर मिळतं: फाइल सापडत नाही, पलीकडच्या विभागात विचारा. पलीकडचा विभाग परत अलीकडे पाठवतो. ही टोलवाटोलवी तोंडी चालू द्यायची नाही. माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, म्हणून तीन वेगळे अर्ज: ताबा पावती व पंचनामा, मोबदला दिल्याची नोंद, मंजूर नकाशाची प्रत. 'फाइल सापडत नाही' हे माहिती नाकारायचं कारण कायद्यात नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. तोवर सोसायटीच्या त्या काळातल्या सभांची इतिवृत्तं चाळा. कुंपण मागे घेण्याचा ठराव आणि भिंतीच्या खर्चाची नोंद बहुधा तिथे असते. ताबा पावती मिळाली नाही तर हाच आधार. मोजणीचा अर्जही आत्ताच टाका, निविदेनंतर नको. मोजणीदार येईल त्या दिवशी शेजारच्या दोन्ही सोसायट्यांचे पदाधिकारी हजर ठेवा, नाहीतर हद्दीचा नवा वाद.

मेट्रोसाठी थांबायचं का? माझ्या मते नाही. ठाण्यात तुमचा एफएसआय आधी रस्त्याच्या रुंदीवर ठरतो: दाट वस्तीबाहेर ९ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर १.१ वर गाडी अडते, ९ ते १२ ला २ पर्यंत, १५ ते २४ ला २.५ पर्यंत. मेट्रो आली की ४ एफएसआय मिळेल असं जो सांगतो, त्याला नियमाचा क्रमांक विचारा. १६ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने मंजूर केलेला मार्ग २९ किलोमीटरचा आहे, त्यातले २६ उन्नत, २२ स्थानकं. ग्रुपवर मेट्रो म्हणून फिरणारी, रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रामसारख्या गाड्यांची चित्रं सोडून द्या. रस्त्यावरून दुहेरी रूळ टाकायचे तर ७ मीटर जातात, मग १५ मीटरच्या रस्त्यात रिक्षा, बस आणि पार्किंग कुठे मावणार? मुंबईची शेवटची ट्राम १९६४ ला थांबली, ती हौस फोटोत भागवा.

मात्र स्थानक जवळ असेल तर जिन्याची जागा कुठे उतरते ते आत्ताच तपासा, नाहीतर पुढून आणखी एक पट्टी जाईल. मार्गिकेला लागून पायाचं खोदकाम असेल तर मेट्रोचा ना-हरकत दाखला लागतो. तो आणायची जबाबदारी आणि त्या काळातलं भाडं बिल्डरवर, असं करारात स्पष्ट लिहा. उन्नत मार्गाच्या उंचीवरचे, रस्त्याकडचे फ्लॅट सभासदांनी घेऊ नयेत, ते विक्रीला जाऊ द्या. आणि हो, ठाण्यात मुद्रांक शुल्काच्या जोडीला किमतीवर १ टक्का मेट्रो अधिभार आहे. जादा विकत घेतलेल्या फुटांवर तो कोण भरणार हेही करारात आणा.

मी वकील नाही. वरचे आकडे तुमच्या पोस्टवरून काढलेत. दाट वस्तीत तुमचा भूखंड मोडत असेल तर तक्ता वेगळा लागेल, त्यामुळे डीपी रिमार्क (विकास आराखड्यात तुमच्या भूखंडावर काय दाखवलंय त्याचा दाखला) आला की इथे टाका, बघतो.