बासची घूंऽऽ जाईना: पिकअप बदलायचा का?

प्रश्न: माझ्याकडे जॅझ बास टाइपचा 4 तारांचा बास गिटार आहे, दोन पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन. दोन्ही व्हॉल्यूम फुल असले की शांत असतो. पण मला मागच्या पिकअपचाच आवाज आवडतो, आणि पुढचा जरा कमी केला की घूंऽऽ सुरू. गणपतीत आणि नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवतो, तिथे लायटिंग असली की विचारूच नका. हम, म्हणजे ही घूंऽऽ, न येणारे पिकअप टाकायचेत पण बॅटरीवाले अजिबात नकोत, ऐन कार्यक्रमात बॅटरी मेली तर काय करू. कुठले घेऊ? (सांगली)

उत्तर: तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं निदान आहे, त्यामुळे आधी तेच बघू. साध्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि ते तुमच्या तारेचं थरथरणं पकडतात तसंच खोलीतल्या ट्रान्सफॉर्मरचं, डिमरचं, ट्यूबच्या चोकचं चुंबकीय क्षेत्रही पकडतात, त्यांना फरक कळत नाही. आपली लाइन 50 हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो स्वर आहे, म्हणजे आपल्या पेटीची पांढरी पाच, तो 49 हर्ट्झचा. म्हणजे हा हम पांढरी पाचच्या केसभर वर बसलेला असतो आणि तुम्ही तोच स्वर लांबवलात की अंगावर येतो, आवाज लाटांसारखा हलतो. (अमेरिकेत लाइन 60 हर्ट्झची, तिथला हम काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे कुठेतरी पडतो, म्हणजे कुठल्याच स्वरात नाही. त्यांचं नशीब वेगळं, आपलं वेगळं.)

जॅझ बास या फेंडर कंपनीच्या मॉडेलमध्ये दुसरा पिकअप पहिल्याच्या उलटा गुंडाळलेला असतो आणि त्याचं चुंबकही उलटं असतं. तारेचा सिग्नल दोन्हीकडून एकाच दिशेने येतो म्हणून बेरीज होते, हम मात्र एकातून उलटा येतो म्हणून वजाबाकी होते. दोन्ही सारखे वाजत असतील तरच हे गणित जुळतं, एक कमी केला की शिल्लक उरते ती तुमची घूंऽऽ. तेव्हा तुमचा बास बिघडलेला नाहीये, तो असाच असतो. प्रसिद्ध बासवादक जॅको पास्टोरियस बहुतेक सगळं मागच्या पिकअपवरच वाजवायचा आणि त्याचा 1962 चा जॅझ बास काही वेगळ्या मातीचा नव्हता.

पण पैसे काढण्याआधी एक गोष्ट करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. बासचे दोन्ही व्हॉल्यूम शून्य करा. हम तसाच राहिला तर तो अँपमधून, केबलमधून किंवा मिक्सरच्या जोडणीतून येतोय, पिकअप सोन्याचा टाकलात तरी जाणार नाही. शून्यावर गेला असेल तर मागचा पिकअप फुल करून अँपसमोर उभे राहा आणि बास हातात धरून हळूहळू गोल फिरा. एका बाजूला हम वाढतो आणि दुसरीकडे जवळजवळ गायब होतो ना, मग तो चुंबकीय आणि पिकअपने जाणारा. फिरून फरकच पडत नाही आणि आवाज घूं पेक्षा झिर्रर्र जास्त, तारांना हात लावल्यावर कमी होतो, तर तो वेगळा प्राणी, त्याला शील्डिंग, म्हणजे आतून धातूचं अस्तर, लागतं. कॉपर टेप लावून लोक हम जाईल म्हणून वाट बघत बसतात, पण तांब्याच्या पातळ टेपने 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडत नाही. ती टेप झिर्ररसाठी. लायटिंगच्या कार्यक्रमात बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे पिकअप काढलेच आहेत तर आतल्या खाचेत टेप लावून घ्या, वेगळे कष्ट नाहीत.

आता घेण्याबद्दल. बाहेरून जॅझ बासच्याच आकाराचे पण आत दोन कॉइल असलेले पॅसिव्ह पिकअप मिळतात, बॅटरी लागत नाही, तुमचे 250 के चे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) तसेच राहतात. त्यात दोन घराणी आहेत. एक स्टॅक, म्हणजे एका कॉइलखाली दुसरी. खालची तारांपासून लांब असल्याने तिला तारेचं फारसं ऐकू येत नाही, ती हम मारायलाच ठेवलेली. फेंडरचे नॉइजलेस, सीमोर डंकनचे स्टॅक हे त्यातले. दुसरं स्प्लिट, एक कॉइल ई आणि ए तारांखाली, दुसरी डी आणि जी खाली, दोघी एकमेकींच्या उलट. डिमार्झिओ अल्ट्रा जॅझ, नॉर्डस्ट्रँडचे एनजे4एसई हे तसे.

मला विचाराल तर बाससाठी स्प्लिट. कारण स्टॅकमधली खालची कॉइल सिग्नल फारसा देत नाही पण तिची तार मात्र सर्किटमध्ये असतेच, त्यामुळे वरचा चुरचुरीत भाग थोडा मऊ पडू शकतो, आणि तुम्हाला तर मागच्या पिकअपचा तो नाकातला टोकदार आवाजच हवाय. स्प्लिटमध्ये दोन्ही कॉइल काम करतात. त्याच्यावर आक्षेप असा की तार वाकवली तर दोन कॉइलच्या मधे आवाज बुडतो, गिटारवर असेल तसं, बासवर ए तार आपण वाकवून वाकवून किती वाकवणार. अर्थात चांगला बनवलेला स्टॅक वाईट बनवलेल्या स्प्लिटपेक्षा केव्हाही बरा. आणि दुकानदार ओहमचे आकडे सांगेल, जास्त ओहम म्हणजे दणदणीत आवाज वगैरे, त्याला हं हं म्हणा. स्टॅकमध्ये दोन कॉइल एकामागे एक जोडलेल्या असल्या की ओहम वाढणारच, त्याने आवाज वाढत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, सेट घ्या. मागचाच वापरतो म्हणून मागचाच बदलू, हा मोह मलाही झाला होता आणि मी एकच घेतला होता. मागचा एकटा एकदम शांत झाला, मी खूश, मग दोन्ही फुल केले तर आधी जिथे शांत होतं तिथेच घूंऽऽ. कारण जुन्या पुढच्या पिकअपचा हम खोडायला जो जोडीदार होता तोच मी काढून टाकला होता.

मागवण्याआधी फुटपट्टी घेऊन मापं काढा. फेंडरच्या मापात पुढचा साधारण 92 मिमी लांब आणि मागचा साधारण 95, पण बऱ्याच स्वस्त बासमध्ये दोन्ही एकाच मापाचे असतात आणि मग नवा पिकअप खाचेत बसत नाही, पटाशी घेऊन लाकूड कोरत बसायची वेळ येते. आणि ईएमजीचं नाव कोणी सुचवलं तर नीट वाचून घ्या, त्यांचे गाजलेले पिकअप बॅटरीवरचे आहेत, पॅसिव्ह हवे तर त्यांची एचझेड मालिका वेगळी आहे.

प्रश्न: माझा प्रिसिजन टाइपचा बास आहे, त्यालाही हम येतो, त्यासाठी कुठला हम कॅन्सलिंग पिकअप चांगला? (ठाणे)

उत्तर: कुठलाच नको, तुमच्याकडे आहेच. तो मधोमध तुटल्यासारखा दिसणारा दोन तुकड्यांचा पिकअप म्हणजेच स्प्लिट कॉइल, फेंडरने 1957 मध्ये आणला तेव्हापासून तो हम खोडतोच. (1951 च्या धर्तीचा, चारही तारांखाली एकच सरळ कॉइल असलेला असेल तर गोष्ट वेगळी, मग वरचं उत्तर वाचा.) तुमचा दोष बहुतेक अर्थच्या वायरमध्ये आहे. तारांना हात लावून काहीच फरक पडत नाही, पण जॅकच्या, म्हणजे केबल लावायच्या जागेच्या, धातूला बोट लावलं की आवाज कमी होतो, असं असेल तर ब्रिजखाली (तारा मागे जिथे अडकवतात ती धातूची पट्टी) जाणारी बारीक वायर सुटलीय किंवा ब्रिजला टेकत नाहीये. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या धातूला. बीप आला नाही तर पिकगार्ड उघडा. हे दहा मिनिटांचं सोल्डरचं काम आहे.

एक मात्र गमतीवारी नेऊ नका. बास हातात असताना माइकला ओठ लागला की झिणझिण्या येत असतील तर तो पिकअपचा विषयच नाही, त्या जागेचं अर्थिंग गेलंय. वाजवणं थांबवा, वायरमनला बोलवा. आणि हम जातो म्हणून थ्री पिनची अर्थची पिन कापणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

प्रश्न: जॅझ बासला मागे नवा स्प्लिट पिकअप टाकला. एकेक वाजवला की दोन्ही मस्त, पण एकत्र केले की आवाज पातळ, ट्रान्झिस्टरवर ऐकल्यासारखा, बास गायबच. पिकअप खराब निघाला का? परत करू? (मडगाव)

उत्तर: अहो थांबा, परत नका करू. तो उलट्या फेजमध्ये जोडला गेलाय. एकाचा सिग्नल वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली, जाड आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि वरचा चुरचुराट उरतो. नव्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करा, पॉटच्या पायाला गेलेली पॉटच्या पाठीला आणि पाठीची पायाला. त्याचा हम स्वतःच्या आतच खोडला जातो म्हणून वायरी फिरवल्याने त्याच्या शांतपणावर परिणाम होत नाही. हेच जुन्या सिंगल कॉइलच्या जोडीत, दोन्हींची चुंबकं एकाच दिशेची असताना, एकाच्या वायरी फिरवून केलं असतं तर फेज सुधारून हम दुप्पट झाला असता, तिथे वायरींऐवजी एकाचं चुंबक उलटं करावं लागतं.

फक्त बघा, दोन वायरींशिवाय तिसरी उघडी जाळीची किंवा नागडी तार असेल तर ती अर्थलाच ठेवायची, ती फिरवायची नाही. जुन्या पद्धतीची एकच वायर आणि तिच्याभोवती जाळी, असं असेल तर वायर फिरवता येणार नाही, मग पुढच्याची फिरवावी लागेल, पण पुढचा साधाच असल्याने तिथे चालून जातं. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा लाल-काळा वेगळा. हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पॉटच्या पाठीला सोल्डर नीट बसायला 40 वॅटचं तरी सोल्डरिंग आयर्न घ्या, छोट्याने पॉट नुसतं तापत बसतं आणि टाका मात्र कोरडा राहतो.

दोन्ही एकत्र असताना थोडा हम येईल, तो तुमच्या जुन्या पुढच्या पिकअपचा. सांगलीकरांना वर जे लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे, पुढच्या महिन्यात पैसे जमले की त्याच मालिकेतला पुढचाही मागवा.