कंट्रोल रूमची नोकरी म्हणजे वॉचमनगिरी का?

सोलापूरच्या एका आईचं पत्र आलंय. मुलाने इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा आयटीआय केलाय आणि मोठ्या रुग्णालयात कंट्रोल रूम ऑपरेटरची नोकरी मिळतेय. घरचे म्हणतात, ‘एवढं शिकून शेवटी वॉचमनच ना?’

नमस्कार ताई,

त्या खोलीत नुसते कॅमेऱ्यांचे स्क्रीन असतील, तर घरच्यांचं फारसं चुकत नाही. पण फायर अलार्मचं पॅनेल, ॲक्सेस कंट्रोल (दारांची इलेक्ट्रॉनिक कुलुपं), अनाउन्समेंट आणि पंपांचे सिग्नल तिथेच येत असतील, तर नोकरी जरूर घ्यावी.

पॅनेल वाजलं की आधी ‘ॲकनॉलेज’ (अलार्म पाहिला, अशी पोच) दाबायचं. ‘रिसेट’ला हातही लावायचा नाही, कारण त्याने हूटर (भोंगे) थांबतात आणि सुटलेली दारं पुन्हा लॉक होऊ शकतात. ॲड्रेसेबल पॅनेलवर, म्हणजे प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असलेल्या पॅनेलवर, कुठल्या लूपचा (वायरच्या फेऱ्याचा) कितवा डिटेक्टर ते दिसतं. तिथला कॅमेरा उघडायचा, वॉकीटॉकीवरून त्या मजल्यावरच्या गार्डला पाठवायचं. तेवढ्यात दुसरा डिटेक्टर वाजला किंवा कुणी कॉल पॉइंटची (भिंतीवरच्या आगीच्या बटणाची) काच फोडली, तर गार्डच्या निरोपाची वाट न बघता 101 लावायचा आणि इमारत, मजला, बंब कुठल्या गेटने आत घ्यायचा ते सांगायचं.

एसीची हवा खेळवणारे एएचयू बंद होणं, लिफ्ट तळमजल्यावर येणं, मॅग्नेटिक लॉक सुटणं हे यंत्रणेने आपणहून करायला हवं. ते खरंच झालं का, हे बघणं ऑपरेटरचं काम. रुग्णालयात आणखी एक पेच असतो: आयसीयूतल्या रुग्णांना लगेच जिन्याने उतरवत नाहीत, आधी त्याच मजल्यावर फायर डोअरच्या पलीकडे नेतात. त्यामुळे कोणती घोषणा कुठल्या मजल्यावर करायची, हे तोंडपाठ हवं.

घोटाळे बहुतेक साधेच असतात. वेल्डिंगच्या धुराने अलार्म वाजू नये म्हणून त्या भागाचा झोन ‘डिसेबल’ (बंद) केला जातो आणि काम संपल्यावर सुरू करायचा राहतो. फायर पंप ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर पडून असतो. पॅनेलचं आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचं घड्याळ जुळत नाही, मग नंतर चौकशीत काय आधी घडलं तेच कळत नाही. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात तंतूंच्या धुळीने स्मोक डिटेक्टर उगाच वाजतात, आणि वैतागून कुणीतरी हूटरच बंद करून ठेवतं. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. आपल्या गावात या कामाला हलकं समजणं परवडणारं नाही.

पुढची वाटही आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतींना दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. या एजन्सींना पॅनेल आणि वायरिंग कळणारी मुलं लागतात, तिथे त्याचा आयटीआय कामी येईल. अग्निशमनातच पुढे जायचं असेल, तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे.

मुलाखतीत त्याने तीन गोष्टी विचाराव्यात: मागचा मॉक ड्रिल कधी झाला, रात्रपाळीत पॅनेलवर किती माणसं असतात, आणि नेमणूक रुग्णालयाची की सिक्युरिटी एजन्सीची. एजन्सीची असेल तर पीएफचं आधी लेखी घ्यावं.