आनंद करा म्हणे, पण कसा? (वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई, सलाम. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) सध्या बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रावर संदेश, म्हणजे प्रवचनं, चालू आहेत आणि दर रविवारी फिरून तेच, 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा'. मला ते ऐकून आनंद होत नाही, उलट टेन्शन येतं. सकाळी उठल्यापासून स्वयंपाक, ऑफिस, सासूबाईंची औषधं, मुलांचा अभ्यास, रात्री बायबल उघडावं तर डोळे मिटायला लागतात. कुणी कशी आहेस विचारलं की 'प्रभूची कृपा' म्हणते आणि हसते, पण आतून सगळं कोरडं. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : सलाम. विश्वास कमी पडणं वेगळं आणि माणूस दमणं वेगळं, आणि तुमच्या पत्रात मला तरी दमलेली बाई दिसतेय. बायबलच्या १ राजे १९ मधला एलीया संदेष्टा आठवा, झुडपाखाली बसून 'आता पुरे, मला मरण दे' म्हणतो तो, त्याला देवाने आधी चार शब्द सुनावले का, नाही, झोपू दिलं, देवदूत पाठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपला तर परत उठवून खाऊ घातलं, आणि बोलणं वगैरे सगळं नंतर, डोंगरावर पोचल्यावर. तेव्हा रात्री बायबल उघडून झोप येत असेल तर सरळ झोपा. वाचायचं ते दुपारच्या सुट्टीत चार ओळी वाचा, बिघडत काही नाही.

आता त्या वचनाचं बघू. ते एकटंच भिंतीवर लावलं की हुकूम सोडल्यासारखं वाटतं, मला पण वाटतं. पण ते पत्र एकदा एका बैठकीत सगळं वाचून काढा, चारच अध्याय आहेत. लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासात आहे, सुटका होणार की मरण येणार याचा त्याला पत्ता नाही. दुसऱ्या अध्यायात त्याचा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचलाय आणि पौल मोकळेपणाने लिहितो की देवाने दया केली, नाहीतर माझ्यावर दुःखावर दुःख आलं असतं. तिसऱ्या अध्यायात तर तो म्हणतो मी हे रडत रडत सांगतोय. आणि चौथ्यात 'आनंद करा' येतं ना, त्याच्या फक्त दोन वचनं आधी युवदीया आणि सुंतुखे या मंडळीतल्या दोन बायकांचं फाटलंय, आणि पौल दोघींची नावं घेऊन विनवण्या करतोय की बायांनो एकचित्त व्हा! म्हणजे रडणं, काळजी, भांडणं आणि आनंद हे सगळं त्याच पत्रात आहे, एकाला बाहेर काढल्याशिवाय दुसरं आत येत नाही असं पौलाचं काही म्हणणं दिसत नाही. शिवाय आहे त्यात समाधानी राहायला मी शिकलोय असं तो पुढे ४:११ ला सांगतो, म्हणजे त्यालाही हे आयतं मिळालेलं नव्हतं.

ख्रिस्त मेलेल्यांतून उठलाय आणि आपण त्याचे आहोत, हा आनंद उभा आहे तो यावर, आपल्या मूडवर नाही. म्हणून मूड गेला तरी तो रद्द होत नाही. तरी तो जाणवायला तर हवा ना, आणि तुमची अडचण तिथेच आहे असं मला वाटतं. दिवस इतका पळत जातो की त्यात चांगलं काय झालं ते बघायला कुणी थांबतच नाही. १६ व्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या लोकांना दिवसाची उजळणी करायची सवय लावली होती, आजही कितीतरी ख्रिस्ती लोक ती करतात, आणि ती सुरू होते आभार मानण्यापासून. तुम्ही तेवढाच भाग उचला. रात्री ओटा पुसताना, हातातला फडका न ठेवता, आज घडलेली एकच गोष्ट आठवा, पण अगदी नेमकी. 'प्रभू सगळ्यासाठी धन्यवाद' असलं नको, त्यात काहीच दिसत नाही. 'आज औषध दिल्यावर सासूबाईंनी माझा हात दोन मिनिटं सोडला नाही, त्याबद्दल थँक्यू' असं म्हणा. एखाद्या दिवशी काहीच आठवलं नाही तर तेही त्याला सांगा, स्तोत्रं लिहिणाऱ्यांनी तर देवाला याच्यापेक्षा कितीतरी कडक सुनावलंय.

आणि दोन कामं आहेत जी दिसायला आध्यात्मिक नाहीत पण माझ्या मते आहेत. एक, 'प्रभूची कृपा' हे उत्तर निदान एका माणसापुरतं बंद करा, मंडळीतली एखादी मैत्रीण बघा जिला 'अगं मी पार दमलेय' असं सांगता येईल. दुसरं, सासूबाईंची औषधं ही त्यांच्या मुलालाही देता येतात. हे वाक्य तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा हवं तर.

प्रश्न : ऑफिसमध्ये मी एकटाच ख्रिस्ती आहे. आपला आनंद इतरांना वाटा असं संदेशात नेहमी सांगतात म्हणून मी रोज सकाळी टीमच्या ग्रुपवर फुलांच्या फोटोवर वचन टाकून पाठवतो. कुणी काही बोलत नाही, एकाने तर ग्रुप म्यूट केलाय असं कळलं. साक्ष द्यायला, म्हणजे माझा विश्वास लोकांना दिसायला, अजून काय करू?

उत्तर : भाऊ राग मानू नका, पण मी पण म्यूट केला असता. कामाच्या ग्रुपवर रोज सकाळी काहीही आलं, देवाचं असो नाहीतर जोक असो, लोक वाचत नाहीत, पुढे सरकवतात. हेतू चांगला आहे हो तुमचा, पण त्यात त्या समोरच्या माणसासाठी म्हणून काही नसतं.

बायबलमधलं नहेम्या ८ काढा. देवाचं नियमशास्त्र वाचलेलं ऐकून लोक रडायला लागलेत, तर त्यांना सांगितलं जातं की रडू नका, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्याकडे काही तयार नसेल त्यांना वाटे पाठवा, कारण परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ आहे. हे शेवटचं वाक्य आपण स्टिकरवर छापतो, कपावर छापतो, आणि त्याच वचनातलं वाटे पाठवायचं मात्र बरोब्बर गाळतो. त्या लोकांनी गाळलं नाही, दोन वचनं पुढे जाऊन बघा, त्यांनी खरंच वाटे पाठवले आणि मग मोठा आनंद केला.

तुमच्या ऑफिसात वाटा म्हणजे काय, तर मला सगळ्यात आधी लक्ष सुचतं. 'आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा' हे रोमकरांस १२:१५ आपण पटकन वाचून पुढच्या 'शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा' कडे जातो, आणि शोकात जाणं आपल्याला जमतं पण, कुणी गेलं की आपण हजर असतो. दुसऱ्याच्या आनंदात जाणं जास्त अवघड, कारण मधे आपली जळजळ येते, प्रमोशन त्याला मिळालेलं असतं आणि आपल्याला नाही. समजा शेजारच्या टेबलवरची बाई सांगतेय की मुलगी पास झाली. आपण काय करतो, स्क्रीनवरून डोळे न काढता 'अरे वा, काँग्रॅट्स' म्हणतो आणि टायपिंग चालू. त्याऐवजी खुर्ची फिरवा, फोन पालथा ठेवा आणि दुसरा प्रश्न विचारा, 'तिला कळलं तेव्हा काय म्हणाली ती?' बघा मग तिचा चेहरा, सगळं पहिल्यापासून सांगायला लागेल आणि ते ऐकता ऐकता तुम्हालाही बरं वाटेल. दुसऱ्या दिवशी आठवणीने परत विचारलंत तर अजूनच छान.

तोंड बंद ठेवा असं नाही म्हणत मी. रविवारी काय केलं कुणी विचारलं तर 'काही नाही, घरीच' असं गुळमुळीत बोलू नका, उपासनेला गेलो होतो, अमुक गोष्ट आवडली असं सांगा, तेवढंच, प्रवचन नको. तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने आणि आदराने, असं पहिल्या पेत्रात ३:१५ ला आहे. आधी त्यांना विचारावंसं तर वाटू दे.

प्रश्न : आमच्या मंडळीत एक वडीलधारे आहेत, तरुण मुलं जरा मोठ्याने हसली तरी त्यांना ते जगिक, म्हणजे देवाला सोडून जगाच्या मागे लागल्यासारखं, वाटतं. ख्रिस्ती माणसाने मजा करायचीच नाही का?

उत्तर : करायची की. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचं पहिलं चिन्ह लग्नात घडलंय, द्राक्षारस संपला म्हणून. लूक १५ मध्ये मेंढरू सापडलं की शेजारी बोलवा, नाणं सापडलं की मैत्रिणी बोलवा, मुलगा परत आला की गाणं आणि नाच, आणि बाहेर फुगून कोण उभं राहिलं तर मोठा भाऊ, जो आयुष्यभर शिस्तीत वागला. (हे काकांना असंच्या असं सांगू नका, घरी बोलणी बसतील.) बरं, चर्चचं पंचांग तरी काय सांगतं, लेंटचे (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे) रविवार सोडून ४० दिवस आणि ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत) ५० दिवस. आनंदाला दहा दिवस जास्तच दिलेत! पण उपवासाचे चाळीस आपण मोजून पाळतो आणि ते पन्नास पहिल्या सोमवारीच विसरतो. काकांनाच सांगा यंदा त्या पन्नास दिवसांत काय करायचं ते ठरवायला, जबाबदारी दिली की माणसं खुलतात.

प्रश्न : ताई, माझी मैत्रीण बरेच महिने नुसती पडून असते, जेवत नाही, चर्चला येत नाही, फोनही उचलत नाही. प्रेयर ग्रुपमधल्या एक काकू म्हणाल्या आनंद हे पवित्र आत्म्याचं फळ आहे, तिच्यात दिसत नाही म्हणजे कुठेतरी पाप लपलंय. असं असतं का गं?

उत्तर : नाही गं. गलतीकरांस ५:२२ मध्ये आनंद आहे तशी त्याच यादीत सहनशीलता आणि ममता पण आहे, ती आधी आपल्याकडून तिला दिसू दे. तू लिहितेस ते मला आजारपण वाटतंय आणि आजाराला डॉक्टर लागतो. मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे, पाय मोडला तर आपण हाडाच्या डॉक्टरकडे जातोच ना आणि प्रार्थनाही करतोच.

तिला आनंदाची वचनं पाठवू नकोस सध्या. खिन्न माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीत अंगावरचं पांघरूण काढून घेणं, असं नीतिसूत्रे २५:२० मध्येच आहे. वाचायचंच असेल तर स्तोत्र ८८ वाच तिच्याजवळ बसून. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटच्या ओळीतही उजाडत नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे, कुणी वगळलं नाही. अशा वेळी आपल्यासारखं बोलणारं कुणी आहे हे कळलं तरी माणसाला धीर येतो. आणि येशूचा मित्र लाजर मेल्यावर येशूला ठाऊक होतं की आपण त्याला उठवणार आहोत, तरी तो लाजराच्या बहिणीला, मरीयेला, 'रडू नकोस' म्हणाला नाही, स्वतः रडला.

फोन उचलत नसेल तर घरी जा. 'काही लागलं तर सांग' म्हणू नकोस, ती नाही सांगणार. 'अपॉइंटमेंट मी घेते, मंगळवारी तुला न्यायला येते' असं म्हण. आणि जगण्यात अर्थ नाही, संपवून टाकावंसं वाटतं असं काही बोलली तर तिला एकटं सोडू नकोस, घरच्यांना सांग, त्याच दिवशी डॉक्टरकडे ने, ग्रुपमध्ये विषय मांडत बसू नकोस. काकूंना काय सांगायचं ते नंतर बघू, माझं नाव सांगितलंस तरी चालेल.